मिठाचं सुटणं

भोसरीच्या हीट ट्रीटमेंटच्या शेडमध्ये मिठाची भट्टी असते. खोल भांडं, त्यात इलेक्ट्रोड, आणि मधे लालभडक, पाण्यासारखं पातळ झालेलं मीठ. बाहेरून आच नाही. वीज मिठातून जाते आणि मीठ स्वतःच तापतं.

गुरुवारी या औद्योगिक पट्ट्याला सुट्टी. भट्टी निवू दिली तर मिठाचा दगड होतो, आणि दगडातून वीज जात नाही. तेच मीठ, तेच आयन, भारही तेवढाच. हलायची मुभा तेवढी गेलेली. म्हणून जाणता ऑपरेटर भट्टी बंद करण्याआधी पातळ मिठात एक कॉइल सोडून ठेवतो. पुन्हा चालू करताना वीज आधी कॉइलमधून जाते, भोवतीचं ओंजळभर मीठ पाघळतं, मग वीज त्यातून वाहू लागते आणि बाकीचं त्यामागून पाघळत जातं.

भार असणं वेगळं, वाहून नेणं वेगळं.

शाळेच्या पुस्तकात एक सोडियम एका क्लोरीनला इलेक्ट्रॉन देताना दाखवतात. दोन वर्तुळं, एक बाण, खाली ‘आयनिक बंध’. चित्र खोटं नाही, अपुरं आहे. खड्यात प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोराइड असतात आणि प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम. त्यातला कोण कोणाचा, हे विचारायची सोय नाही. मिठात जोडपी नसतात, वस्ती असते.

(इथे माणसांच्या नात्यांवर घसरायचा मोह होतो. तो आवरावा. सोडियमला कोणी आवडत नाही. धन ऋणाला ओढतं, एवढंच आहे आणि तेवढं पुरे.)

चाकणच्या प्रेस शॉपमध्ये पत्र्यावर शेकडो टनांचा दाब येतो आणि पत्र्याचा दरवाजा होतो. मिठाच्या खड्याला हातोडीचा एक टोला, की चुरा. पत्र्यातले थर सरकले तरी मोकळे इलेक्ट्रॉन त्यांना धरून ठेवतात. मिठाचा थर एक घर सरकला की धनासमोर धन येतं, ऋणासमोर ऋण. मघाची ओढ होती तिथे आता ढकलाढकल. कठीण म्हणजे चिवट नव्हे.

साधं मीठ वितळायला 801 अंश सेल्सिअस लागतात. बेरियम क्लोराइडला 962. हायस्पीड स्टीलचं ड्रिल 1200 अंशांवर न्यायचं तर बाथ त्याचाच. मॅग्नेशियम ऑक्साइडला 2800 च्याही वर. रचना मिठाचीच, पण भार दोन्हीकडे दुप्पट, म्हणून ओढ चौपट, आणि आयन अधिक जवळ असल्याने त्याहूनही जास्त. या ऑक्साइडची पूड हीटरच्या नळीत ठासून भरलेली असते, प्लेटिंगच्या टाकीतल्या आणि घरच्या गीझरमधल्याही. उष्णता जाऊ देते, वीज अडवते. न सुटणं हीच तिची नोकरी. बाकी बहुतेक मिठांना आपण कामाला लावतो ते सुटण्यासाठी.

जे 801 अंशांनाच दाद देतं ते ग्लासभर पाण्यात मुकाट्याने कसं विरतं? बंध कच्चा नसतो. एक मोल मिठाचे आयन वेगळे करायला सुमारे 787 किलोज्यूल लागतात. पाण्याचे रेणू त्या आयनांना वेढतात तेव्हा जवळजवळ तेवढेच परत मिळतात. तूट चारेक किलोज्यूलची. ती पाण्याच्या उष्णतेतून भागते, आणि मोकळं पसरायला मिळतं ते वेगळं. आगीला मीठ तोडावं लागतं. पाणी दुसरी सोय लावून देतं.

पिंपरीत हे ज्ञान कुपीत भरलं गेलं. तिथली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी 1954 ची. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने उभी राहिली आणि पुढच्या वर्षी तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागलं. पेनिसिलिन जी मूळचं आम्ल. सोडियम किंवा पोटॅशियमशी जोडलं की त्याचं स्फटिकी मीठ होतं. कुपीत ती पांढरी पूड कोरडी असेपर्यंत टिकते. सुईच्या वेळी पाणी घातलं की लगेच विरघळते, आणि विरघळली की टिकाव धरत नाही. रक्तात लवकर चढते, लवकर उतरते. सोडियमच्या जागी प्रोकेन आणलं, तर मीठ पाण्यात नीट विरघळत नाही. कमरेत दिलेला डोस दिवसभर पाझरतो. बेंझाथिन आणलं, तर तीन-चार आठवडे. संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप दुखावलेल्या मुलाला सुई रोज टोचावी लागत नाही, महिन्याकाठी पुरते, ती या मिठामुळे. जंतू मारणारा भाग तिन्हींत एकच. बदलला तो सुटण्याचा वेग. बंधाची खरी कारागिरी मला इथे दिसते: किती घट्ट, यापेक्षा किती सावकाश.

प्लेटिंगलाही सुटलेलेच आयन लागतात. नट-बोल्ट बॅरलमध्ये फिरतात, टाकीतलं जस्त त्यांच्यावर बसतं. झालेला माल पुन्हा मिठाच्याच हवाली: सॉल्ट स्प्रेची पेटी, 5 टक्के मिठाचं पाणी, 35 अंश, आत सतत धुकं. पांढरा गंज किती तासांनी, लाल किती तासांनी, त्यावर लॉट पास की रिजेक्ट.

आणि माल धुतलेलं पाणी ईटीपीत, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या टाक्यांत. त्यातल्या विषारी षट्संयुजी क्रोमियमचं आधी त्रिसंयुजी करतात, मग चुना टाकतात. क्रोमियम आणि जस्त गाळ होऊन तळाला बसतात, फिल्टर प्रेसमधून त्यांच्या वड्या निघतात, आणि त्या रांजणगावच्या घातक कचऱ्याच्या केंद्रात जातात. सोडियम बसत नाही. क्लोराइड बसत नाही. ज्या गुणासाठी मीठ टाकीत घेतलं त्याच गुणाने ते पाण्यात राहतं.

आळंदीला इंद्रायणीवर फेस आला की पेपरात फोटो येतो, कारण फेस दिसतो. विरघळलेलं मीठ काचेसारख्या स्वच्छ पाण्यातही असतं. ते कळायला टीडीएस मीटर बुडवावा लागतो.

ते काढायचं तर आरओ, आणि आरओने मागे ठेवलेलं खारट पाणी आटवून कोरडं करणं. बिनतोड उपाय आहे, महागडा आहे. आयनाला पाण्यापासून तोडायचं म्हणजे पाण्याने फुकट करून दिलेली सोय विजेने आणि वाफेने मोडायची. हा खर्च भोसरीचा छोटा प्लेटर एकटा उचलेल, असं मानणं सोयीचं आहे, खरं नाही. त्याला दर मिळतो किलोमागे, आणि तोही घासाघीस करून. चाकणच्या गाड्यांच्या कंपन्यांनी कोटेशनमध्ये त्या पाण्याची ओळ वेगळी मागावी, आणि तिचे पैसे द्यावेत.