भूमीला उद्देशून : विरेचनाच्या मर्यादेविषयी

विरेचनाची संकल्पना प्रेक्षकाला गृहीत धरून उभी आहे. दुःख कोणाचेही असो, शुद्धी होते ती पाहणाऱ्याच्या भावनांची. साधारणीकरणाचा सिद्धान्तही वेगळ्या वाटेने जवळपास तेथेच पोचतो : विशिष्ट माणसाचे दुःख स्थलकालाची बंधने टाकून सहृदयाच्या आस्वादाचा विषय होते. परंतु ज्या समूहाचे दुःख नेमके एका स्थळाशीच बांधलेले आहे, त्याच्या कलेला हा व्यूह लावला की एक नैतिक अडचण उभी राहते. ज्याची जमीन गेली, त्याचे दुःखही त्या जमिनीपासून सोडवून आस्वादावयाचे, हे जमीन दुसऱ्यांदा घेण्यासारखे तर नव्हे?

अनिशिनाबे समाजातील कलावती रिबेका बेलमोर यांच्या एका कृतीसमोर हा प्रश्न टाळता येत नाही. १९९० मध्ये कॅनडाच्या क्युबेक प्रांतातील ओका येथे गोल्फचे मैदान वाढविण्यासाठी पाइन वृक्षांची राई तोडण्याचे ठरले. ही राई आणि तिच्यालगतची दफनभूमी कानेसाताके येथील मोहॉक लोक आपली मानीत होते. ११ जुलैपासून ७८ दिवस संघर्ष चालला, एक पोलीस मारला गेला, अखेर सैन्य आले. मैदानाचा विस्तार रद्द झाला. मालकीचा मूळ तंटा मात्र त्यामुळे मिटला नाही. पुढच्याच वर्षी बेलमोर यांनी लाकडाचा एक प्रचंड कर्णा घडविला. त्याचे तोंड सुमारे दोन मीटर रुंद. कृतीच्या नावाचा अर्थ ‘आपल्या आईशी बोलणे’. बॅन्फच्या डोंगराळ मुलखात आणि नंतर अनेक आदिवासी वस्त्यांत तो नेण्यात आला, आणि लोकांना त्यातून बोलण्याचे आवाहन करण्यात आले : शासनाशी नव्हे, भूमीशी.

मोर्चातला कर्णा सत्तेकडे रोखलेला असतो. येथे दिशा बदलली आणि दिशेबरोबर श्रोताही. ज्यांनी ऐकून न ऐकल्यासारखे केले, त्यांना पुन्हा ऐकविण्याची याचना या कृतीत नाही. जमलेले लोक एकामागून एक बोलतात. बोलून झालेला माणूस बाजूला उभा राहतो, तो प्रेक्षक म्हणून नव्हे, साक्षीदार म्हणून. समूहाला लाभणारे स्वास्थ्य भावनेच्या निचऱ्यातून आलेले नसते. तुटलेले एक संबोधन पुन्हा जोडले जाते, त्यातून ते येते.

मराठी वाचकाला ‘आई’ या शब्दामुळे येथे फार लवकर ओळख पटण्याचा धोका आहे. मातृभूमीच्या आपल्या कल्पनेत आई हाक मारते आणि पुत्रांनी प्राण द्यावयाचे असतात. बेलमोर यांच्या कृतीत आई काही मागत नाही, ती ऐकते. शिवाय ती राष्ट्र नव्हे, राष्ट्राने बळकावलेली जमीन आहे. ईव्ह टक आणि के. वेन यांग यांनी २०१२ मध्ये, निर्वसाहतीकरण हे रूपक नव्हे, असा जो आग्रह धरला, तो या संदर्भात महत्त्वाचा ठरतो. भूमीला रूपक केले की ती परत करण्याचा प्रश्न उरत नाही.

‘बरे होणे’ हा शब्दही तितकासा निरागस राहिलेला नाही. आदिवासी मुलांच्या सक्तीच्या निवासी शाळांनी केलेल्या हानीसाठी कॅनडाच्या शासनाने १९९८ मध्ये उपचारनिधी म्हणून ३५ कोटी डॉलर दिले आणि २००८ मध्ये संसदेत क्षमा मागितली. या पावलांचे मोल नाकारण्याचे कारण नाही. पण जखम देणाराच ती भरल्याची तारीख ठरवू लागला, तर खपलीलाच नवी कातडी म्हणण्याची पाळी येते. ग्लेन कूल्थार्ड या डेने विचारवंताने २०१४ मध्ये रोषाची बाजू घेतली ती यामुळेच : अन्याय चालू असताना न शमणारा रोष हा आजार नसून विवेकाची खूण असू शकतो. मग समूहाला बरे करणाऱ्या कलेने रोष शमवावा, की जपावा?

बेलमोर यांनी २००२ मध्ये व्हँकुव्हरच्या डाउनटाउन ईस्टसाइड भागात केलेला ‘व्हिजिल’ हा प्रयोग येथे आठवतो. ज्या भागातून स्त्रिया, आणि त्यांत कितीतरी आदिवासी स्त्रिया, नाहीशा झाल्या, तेथील रस्ता त्यांनी गुडघ्यांवर बसून घासला. दंडांवर लिहिलेली नावे मोठ्याने पुकारली; प्रत्येक नावानंतर एक गुलाब दातांतून ओढून काढला. मग अंगातला लाल पोशाख खांबाला खिळ्यांनी ठोकून त्यातून स्वतःला फाडून सोडवले, पुन्हापुन्हा. रस्ता स्वच्छ झाला असेल. चिंध्या खांबावर राहिल्या. शहरातला पदपथही भूमीच असतो, हे या प्रयोगाने कोणत्याही भाष्याशिवाय दाखविले. आणि त्यातला रोष शमला, असे म्हणण्यास प्रयोगात कोठेही आधार नाही.

लाकडी कर्णा आता बॅन्फ येथील वॉल्टर फिलिप्स गॅलरीच्या संग्रहात आहे. दालनात ठेवला की तो शिल्प होतो. त्याच्या आकाराचे, घडणीचे कौतुक करता येते, म्हणजेच जुना प्रेक्षक परत येतो. २०१७ मध्ये बेलमोर यांनी राष्ट्रीय उद्यानांत वेगळी शंकूसारखी शिल्पे मांडली. त्यांतून बोलावयाचे नव्हते. वाकून, लहान तोंडाशी कान लावून, पाण्याचा आणि वाऱ्याचा आवाज ऐकावयाचा होता. तेथे येणाऱ्यांत ज्यांच्या पूर्वजांनी ती भूमी गमावली ते होते, आणि ज्यांच्या पूर्वजांनी ती घेतली तेही. वाकावे मात्र सर्वांनाच लागत होते.