पाण्याची बातमी

दशलक्षण पर्वात आपल्याकडं रोज एक याप्रमाणे तत्त्वार्थसूत्राचे दहा अध्याय वाचतात. सहाव्या दिवशी आस्रवाचा अध्याय येतो. कोणत्या वागण्यानं कोणतं कर्म आत येतं ते त्यात सांगितलंय. ज्ञानावरणीय कर्माच्या कारणांत दोन शब्द आहेत, निह्नव आणि मात्सर्य. माहीत असून 'मला ठाऊक नाही' म्हणणं हा निह्नव. समोरचा ऐकायला पात्र आहे, तरी तो आपल्या बरोबरीला येईल म्हणून न सांगणं हे मात्सर्य. प्रवचनात यांचे दाखले शास्त्राचे येतात, गुरूचं नाव लपवणाऱ्या शिष्याचे येतात. मला मात्र हे शब्द ऐकले की धरणाचे दरवाजे आठवतात. पर्व भाद्रपदात येतं आणि तोवर आपल्या नद्यांचा पूर नुकताच ओसरलेला असतो, म्हणूनही असेल.

वेदगंगा भुदरगडच्या डोंगरातनं निघते. पाटगावचं धरण, गारगोटी, मुरगूड करत निपाणीकडं येते. भोजजवळ, म्हणजे आचार्य शांतिसागर महाराजांच्या भोजजवळ, ती दूधगंगेला मिळते आणि दोघी मिळून पुढं कृष्णेत जातात. मधेच कुठंतरी महाराष्ट्र संपून कर्नाटक लागतं. पाण्याला ही हद्द कळत नाही, असं लिहिणं सोपं आहे. माणसांना ती चांगली कळते, आणि पाण्याची बातमी माणसांच्या हातात असते.

पुराच्या दिवसांत आपल्या बायकांचं एक खातं चालतं, त्याला ना कचेरी ना शिक्का. मुरगूडची नणंद फोन करते, "वहिनी, घाटाच्या पायऱ्या बुडाल्या बघा, म्हशी वर घ्या." वहिनी तोच निरोप नदीकाठच्या गावात दिलेल्या लेकीला देते. सोयरिकी नदीच्या दोन्ही अंगांना आणि हद्दीच्या दोन्ही अंगांना झालेल्या आहेत, म्हणून हे जमतं. पण पायरी बुडालेली दिसते तेव्हा पाणी दारात आलेलं असतं. घाटमाथ्यावर काल किती पडला, धरणात किती जागा उरली, दरवाजे किती वाजता उचलणार, हे नणंदेला कळत नाही. ते ज्यांना कळतं त्यांच्यात आणि आपल्यात राज्याची हद्द येते.

2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीला आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं. यमगर्णीजवळ वेदगंगा महामार्गावर आली, पुणे-बंगळूरची वाहतूक थांबली. मग वाद पेटला. महाराष्ट्रातले लोक म्हणाले, अलमट्टीत पाणी अडवलं म्हणून फुगवटा मागं आला. कर्नाटकातले म्हणाले, वरच्या धरणांतनं तुम्ही एकदम सोडलं. पुढं वडनेरे समितीनं अलमट्टीमुळं हा पूर आला नाही, असा अहवाल दिला. तरी ज्याच्या घरात गाळ बसला त्याचं त्यानं समाधान होत नाही, आणि त्याला मी नावं ठेवणार नाही. 2021 च्या जूनमध्ये महाराष्ट्राचे जलसंपदा मंत्री जयंत पाटील बंगळूरला जाऊन मुख्यमंत्री येडियुराप्पांना भेटले. पावसाच्या आणि विसर्गाच्या नोंदी एकमेकांना वेळेत द्यायच्या, असं बोलणं झालं. जुलैत पुन्हा पूर आला आणि यमगर्णीला रस्ता पुन्हा बंद झाला. बोलण्यानं पाऊस कमी होत नाही. पण म्हशी सोडायला एक रात्र जास्त मिळू शकते, आणि तेवढ्यासाठीच हा खटाटोप.

दोन राज्यांना एवढं जड जातं, तिथं सगळ्या जगाचं काय, असं वाटेल. पण तिथली गोष्ट उलटी आहे. आपल्या हवामान खात्याचा पाऊस सकाळी साडेआठला मोजतात. साडेआठच का? त्या वेळी ग्रिनिचच्या घड्याळात पहाटेचे तीन वाजलेले असतात. त्याच घड्याळाच्या ठरल्या तासांना जगभरची केंद्रं नोंदी घेतात आणि एकमेकांना पाठवतात. 1873 मध्ये व्हिएन्नाला देशोदेशीचे हवामानवाले जमले तेव्हापासून ही घडी बसत गेली. जागतिक हवामान संघटना 1950 ची. अमेरिका आणि रशिया एकमेकांवर अण्वस्त्रं रोखून बसले होते त्या काळात, 1963 साली, दोघांनी मिळून सगळ्या जगाच्या हवामानावर नजर ठेवायची योजना मान्य केली. बॉम्ब कुठं ठेवलेत ते लपवलं, वादळ कुठं आहे ते सांगितलं. आज सह्याद्रीवरचे ढग मोजणाऱ्या एका अमेरिकी उपग्रहावरचं रडार जपाननं केलेलं आहे. आपण फ्रान्सबरोबर 2011 मध्ये मेघा-ट्रॉपिक्स सोडला, त्याच्याही नोंदी त्या कामात गेल्या.

पण नदीपाशी हाच उदारपणा आखडतो. हवामानाच्या मूलभूत नोंदी विनामोबदला, विनाअट द्याव्यात, असं संघटनेनं 1995 मध्ये ठरवलं. नद्यांच्या नोंदींचा ठराव 1999 ला झाला तेव्हा त्यात 'शक्य असेल तेव्हा' एवढी पळवाट राहिली. 2017 मध्ये डोकलामचा तणाव चालू असताना ब्रह्मपुत्रेच्या नोंदी चीनकडून आल्या नाहीत, असं आपल्या सरकारनं सांगितलं. आपल्याला राग आला, तो बरोबरच होता. पण गंगा, ब्रह्मपुत्रा, सिंधू या खोऱ्यांच्या नोंदी आपलं सरकारही गोपनीय ठेवतं. त्यावर रागवायचं कुणी?

असं का होतं ते समजून घ्यायला हवं, नुसतं दोष देऊन भागत नाही. ढगावर कुणी हक्क सांगत नाही, नदीवर सांगतात. बच्छावत लवादानं कृष्णेचं पाणी वाटलं, महाराष्ट्राला 560 टीएमसी, कर्नाटकाला 700, आंध्राला 800. तेव्हापासून कृष्णेतला प्रत्येक आकडा हा उद्याच्या खटल्यातला पुरावा आहे. आज तुझा जीव वाचावा म्हणून दिलेली नोंद उद्या तू माझ्याविरुद्ध लवादापुढं मांडशील, ही भीती खोटी नाही. एखादा अधिकारी गप्प बसतो तो दुष्ट म्हणूनच बसतो असं नाही.

इथं आपल्यातलं कुणीतरी हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट काढतं. दोघांचंही थोडं थोडं खरं, असं म्हणून अनेकान्त आटोपतं. मला ते पटत नाही. प्रत्येकाच्या हाताला हत्तीचा तुकडाच लागलाय, तर आपला तुकडा पुढं ठेवणं हे प्रत्येकाचं कर्तव्य ठरतं. नाहीतर हत्ती कुणालाच कळायचा नाही. पाण्याच्या वाट्यावर खुशाल भांडावं, शंभर वर्षं भांडावं. पण पाणी निघालंय ही बातमी त्या वाट्यात धरता येत नाही. ती ज्याच्या दाराशी पाणी जाणार त्याची आहे. आपण पाणी गाळतो आणि गाळणात राहिलेले जीव ज्या विहिरीचे त्याच विहिरीत परत सोडतो, कारण ते आपले नाहीत. गाळण आपल्या हातात आहे म्हणून त्यातलं सगळं आपलं होत नाही. आकड्यांचंही मला तसंच वाटतं.

एक शंका मात्र मी अनेकदा स्वाध्यायात विचारली आहे. कर्म बांधलं जातं जीवाला. राज्याला जीव नाही, खात्याला नाही, लवादाला नाही. मग हद्दीवर अडलेल्या बातमीचा निह्नव कुणाच्या खात्यावर पडतो? 'वरून आदेश नव्हता' म्हणणाऱ्या अभियंत्याच्या, की आदेश न देणाऱ्या मंत्र्याच्या, की 'त्यांना कशाला सांगायचं' म्हणून टाळ्या वाजवणाऱ्या आपल्या, इकडच्या आणि तिकडच्या? पंडितजींनी एकदा उत्तर दिलं, की ज्याच्या ज्याच्या मनात ते न सांगणं होऊन गेलं त्या प्रत्येकाच्या, आणि वाटून घेतल्यानं ते कमी होत नाही. त्यावर मागच्या रांगेतल्या एक आजी म्हणाल्या, "मग रात्री दोनला फोन उचलत नाही त्यालाबी लागतंय की!"