भव्यतेचा हिशेब

इंग्लंडच्या डर्बीशरमध्ये केडलस्टन हॉल नावाचा एक भलामोठा वाडा आहे. चार जॉर्ज राजांच्या काळात, म्हणजे १७१४ ते १८३० या वर्षांत, तिथल्या सरदार-जमीनदारांनी खेड्यापाड्यांत असे वाडे बांधले. त्यांतला हा मानाचा. आज तो पहिल्या श्रेणीची संरक्षित वास्तू आहे.

१७५९ मध्ये नॅथॅनिएल कर्झन यांनी बांधकाम काढलं आणि लवकरच ते रॉबर्ट ॲडम या तरुण वास्तुविशारदाकडे आलं. ॲडम नुकताच रोम पाहून परतला होता. त्यानं दक्षिणेची बाजू सम्राट कॉन्स्टंटाइनच्या विजयकमानीवरून घेतली, तर आतल्या गोल दालनाला पँथिऑनसारखा घुमट दिला. प्रवेशाच्या दालनात अलाबास्टरचे वीस खांब उभे केले. पाहणाऱ्यानं आ वासावा, अशीच सारी मांडणी.

पण या देखाव्याच्या आड एक गाव येत होतं. ते हलवलं. रस्ता होता, तोही वळवला. जागेवर राहिलं ते फक्त जुनं चर्च. गावकरी गेले, त्यांचा देव तेवढा धन्याच्या अंगणात उरला.

मूळ आराखड्यात वाड्याला चार पंख होते. बांधून झाले दोनच. पुढे गव्हर्नर जनरल वेलस्लीनं याच वाड्याच्या धर्तीवर कलकत्त्यात निवासस्थान बांधलं. १८०३ मध्ये ते पुरं झालं, तेही चारही पंखांसह! कर्झनांच्या घरी जे अर्धं राहिलं, ते इथल्या रयतेच्या महसुलावर पूर्ण झालं. त्या उधळपट्टीनं ईस्ट इंडिया कंपनीचे संचालकसुद्धा चिडले होते.

आणि योग असा, की १८९९ मध्ये कलकत्त्याच्या त्याच घरात व्हाइसरॉय म्हणून राहायला आला तो केडलस्टनमध्येच जन्मलेला लॉर्ड कर्झन. या माणसानं १९०४ मध्ये प्राचीन स्मारकांच्या रक्षणाचा कायदा केला आणि दुसऱ्याच वर्षी बंगालची फाळणी केली. नामदार गोखल्यांनी काँग्रेसच्या व्यासपीठावरून त्याच्या कारभाराची तुलना औरंगजेबाशी केली. दगडांविषयी इतकी आस्था असलेल्या माणसाला जिवंत माणसांचं म्हणणं मात्र ऐकू आलं नाही.

आता केडलस्टन नॅशनल ट्रस्टच्या ताब्यात आहे. आपल्या वास्तूंचे वसाहती आणि गुलामगिरीशी असलेले धागे उलगडणारा अहवाल या संस्थेनं २०२० मध्ये काढला, तेव्हा बरेच जण रागावले. सुंदर घरांना उगाच डाग कशाला लावता, असा त्यांचा सूर होता. पण जमाखर्च मांडल्यानं ॲडमचा एकही खांब वाकडा झाला नाही. उलट, ते सौंदर्य कुणाच्या जिवावर उभं राहिलं, हे कळल्यावर आपण ते अधिक जाणतेपणानं पाहतो.

आपल्याकडे वास्तुशांतीला गवंडी-सुतारांना आहेर करण्याची रीत आहे. मालकाच्या नावाची पाटी दारावर लागण्याआधी इतरांचे हात आठवावेत, ही त्यामागची समज. ती मोठ्या वाड्यांना लागू आहे आणि आपल्या छोट्या यशालाही. आज ‘हे मी उभं केलं’ असं म्हणण्याची वेळ आली, तर त्यासाठी कोण राबलं आणि कुणाला बाजूला सरावं लागलं, त्यांचीही नावं घ्यावीत. त्यानं आपलं काम लहान होत नाही. ते खरं होतं.