धुराचा पत्ता

बॅटरीवर चालणाऱ्या दुचाकीची जाहिरात ‘शून्य प्रदूषण’ म्हणते. नागपुरात तरी हे वाचून उत्तरेकडे नजर टाकावी. शहराला लागूनच कोराडीत ६६० मेगावॉटचे तीन संच आहेत, पलीकडे खापरखेड्याला १३४० मेगावॉट. सगळं कोळशावर. तेव्हा ‘इथे पेट्रोल, तिथे कोळसा, फरक तो काय?’ असं विचारणारे पानठेल्यापासून क्लबापर्यंत भेटतात. फरक आहे, आणि चांगला मोठा आहे.

शहरातल्या रामदासपेठेच्या सिग्नलांवर रखडत चालणारी मोपेड लिटरला ४५चं ॲव्हरेज देते असं धरू. लिटरभर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे किलोमीटरला ५० ग्रॅम, आणि तेल शुद्ध करून पंपावर आणेपर्यंतचं उत्सर्जन मिळवलं तर ६०च्या आसपास. बॅटरीवाल्या गाडीला १०० किलोमीटरला साधारण साडेतीन युनिट लागतात. देशाच्या ग्रिडमध्ये युनिटमागे ०.७ किलोहून थोडा अधिक कार्बन डायऑक्साइड पडतो. तारांमधली गळती धरूनही हिशेब किलोमीटरला ३० ग्रॅमवर येतो. समजा, वीज निव्वळ कोळशाचीच आली, तरी ४०. बॅटरी घडवताना झालेलं उत्सर्जन आठ-दहा हजार किलोमीटरमध्ये फिटतं.

ऊर्जेच्या बाबतीत मात्र विक्रेते जरा हातचलाखी करतात. लिटरभर पेट्रोलमध्ये जवळपास नऊ युनिट उष्णता असते, म्हणजे १०० किलोमीटरला २० युनिट. त्यासमोर साडेतीन ठेवले की ग्राहक चाट पडतो. पण ते साडेतीन युनिट बनवायला वीजकेंद्रात ११ युनिटांच्या घरात कोळशाची उष्णता खर्ची पडते. खरी तुलना वीस आणि अकराची. तीही वाईट नाही. सिग्नलला उभी असताना बॅटरीवाली गाडी जवळपास काहीच खात नाही, हा शहरातला तिचा हुकमी फायदा.

इथवर पारडं स्पष्ट झुकलेलं आहे. अडचण पुढे आहे. रुग्णालयांनी आणि शिकवणीवर्गांनी गजबजलेल्या रामदासपेठेची हवा सुधारते ती खापरखेड्याच्या भरवशावर. जुलै २०२२मध्ये कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला आणि राखेचं पाणी गावात, शेतांत शिरलं. वीजकेंद्रांतला गंधकाचा धूर रोखण्याचे निकष २०१५मध्ये आले, मुदत २०१७ची होती. ती पुढे पुढे सरकत गेली आणि २०२५मध्ये देशातल्या बहुसंख्य केंद्रांना सूटच मिळाली. कोराडीत आणखी दोन ६६०चे संच बसवण्यावर २०२३मध्ये जनसुनावणी झाली. तिथे विरोध करणाऱ्यांच्या मागे शहरातल्या ई-दुचाकीवाल्यांनी उभं राहायला हवं, असं माझं मत आहे. हवा त्यांच्यासाठी स्वच्छ झाली आहे, राख दुसऱ्याच्या शेतात आहे.

आणि गाडी चार्ज कधी होते? रात्री. जुन्या अपार्टमेंटमध्ये दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून वायर खाली सोडलेली, एक्स्टेन्शन बोर्ड सीटवर, वर पावसासाठी प्लास्टिकची पिशवी. जेवणं आटोपल्यावर सगळ्या इमारती हेच करतात, आणि त्या वेळी सूर्य नसल्यामुळे भार प्रामुख्याने कोळशाच्याच माथी येतो. दिवसा, सौरवीज भरपूर असते तेव्हा, याच गाड्या रुग्णालयांच्या आणि क्लासेसच्या बाहेर ओळीने उन्हात तापत उभ्या असतात. मेमध्ये पारा पंचेचाळीस गाठतो, तेव्हा ते ऊन बॅटरीचं आयुष्यही कमी करतं. स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना दिवसाच्या वापरावर सवलत आहे, पण त्या वेळेत गाडी घरी असते कुठे?

म्हणून गाडीच्या किमतीवर अनुदान देण्यापेक्षा रुग्णालयांच्या आणि क्लासेसच्या पार्किंगवर पत्र्याची शेड, तिच्यावर सौरपॅनेल आणि खाली साधे १५ ॲम्पियरचे सॉकेट बसवायला पैसा द्यावा. दुचाकीला फास्ट चार्जरची चैन लागत नाही. दुपारी चार तास साधा प्लग मिळाला तरी तिचं दोन-तीन दिवसांचं भागतं.