पाऱ्याचे ऋण

पारा तळहातावर ठरत नाही. राष्ट्रांच्या सीमांतही तो ठरत नाही, हे मात्र माणसाला फार उशिरा उमगले. कोळशाच्या धुरातून वर गेलेला पारा महिनोन्‌महिने हवेत राहतो आणि ज्यांनी कधी कारखान्याची भट्टी पेटवली नाही अशा उत्तर ध्रुवाकडील इन्युइटांच्या ताटात, मासे व सील यांच्या देहातून, उतरतो. कर्मसिद्धान्तात कर्ता आणि भोक्ता एकच असतो. येथे ती सांगडच निखळलेली आहे.

१० ऑक्टोबर २०१३ रोजी जपानमधील कुमामोतो येथे स्वीकृत झालेला आणि १६ ऑगस्ट २०१७ पासून अमलात आलेला पाराविषयक आंतरराष्ट्रीय करार मिनामाताचे नाव धारण करतो. काही पीडित संघटनांनी या नावालाच हरकत घेतली होती, आणि ती केवळ भावनिक म्हणून बाजूला सारता येणार नाही. मिनामातात १९३२ ते १९६८ या काळात चिस्सो कंपनीचे पारायुक्त सांडपाणी समुद्रात जात होते. १९५६ मध्ये रोगाची अधिकृत नोंद झाली. १९५९ मध्ये कारखान्याच्याच रुग्णालयातील डॉ. हाजिमे होसोकावा यांनी ते सांडपाणी मांजराच्या अन्नात मिसळून पाहिले. मांजराला तोच रोग जडला. हा निष्कर्ष दडपला गेला. त्याच वर्षाअखेर रुग्णांशी एक करार झाला. त्यात दिलेल्या रकमेला ‘नुकसानभरपाई’ न म्हणता ‘सांत्वनाचा पैसा’ म्हटले होते, आणि अट अशी की, पुढे कारखाना दोषी ठरला तरी नवी मागणी करावयाची नाही. १९७३ मध्ये न्यायालयाने तो करार अवैध ठरविला.

दान आणि ऋण यांतील भेद तो हाच. दान देणारा देतानाही उंचावरच उभा असतो. ऋण फेडणाऱ्याला खाली उतरावे लागते.

जागतिक करार यांपैकी कशाच्या बाजूचा? पाऱ्याच्या नव्या खाणींना तो मनाई करतो, गरीब राष्ट्रांना अर्थसाहाय्य देऊ करतो. दूषित भूमीविषयी मात्र ‘प्रयत्न करावा’ एवढेच सांगतो आणि गतकाळाच्या दोषाविषयी मौन पाळतो. दोषाचा उच्चार झाला असता तर इतकी राष्ट्रे एकत्र आली असती काय, असा व्यवहारवादी प्रतिप्रश्न संभवतो. तो खोटा नाही, अपुरा आहे. (परंपरागत व धार्मिक वापराच्या वस्तूंना करारातून सूट आहे, पारदलिंग पुजणाऱ्या भारतीयाने याची नोंद घ्यावी.)

अमेरिकेतून १९८३ मध्ये कोडाईकनालला आणलेला तापमापकांचा कारखाना २००१ मध्ये बंद पडला. २००३ मध्ये तेथील पारायुक्त कचरा जहाजाने अमेरिकेस परत गेला; ऋण अक्षरशः धनकोच्या नव्हे, ऋणकोच्या दारी पोहोचल्याचे असे उदाहरण विरळा. माजी कामगारांशी तडजोड व्हायला मात्र २०१६ उजाडले. त्यांना दिलेल्या रकमेचे वर्णन कंपनीने ‘सानुग्रह’ असे केले.