हरवलेला साचा

प्लॅस्टिकचे सुटे भाग घरी चिकटवून आकृती उभी करावयाची, हा अमेरिकेतील एक जुना छंद. अरोरा कंपनीने १९६१ साली फ्रँकेन्स्टाइनच्या कथेतील राक्षसाचा असा संच काढला. १९७७ साली तिचा हा व्यवसाय बंद पडला. काही साचे दुसऱ्यांकडे गेले, काही नाहीसे झाले. १९९० नंतरच्या दशकात 'पोलर लाइट्स'ने जपून राहिलेल्या जुन्या संचांवरून नवे साचे घडवून त्यांपैकी काही आकृती पुन्हा विक्रीस आणल्या.

हे काम केवळ नकलेचे नव्हे. साच्यातील तप्त प्लॅस्टिक निवताना हजारी सुमारे पाच भाग आकसते. जुन्या तुकड्याचेच माप धरले तर नवा तुकडा लहान उतरतो. कारागिरास तेवढी वाढ हिशेबाने द्यावी लागते.

मग ही वस्तू जुनी की नवी? आकृती जोडण्यातच ज्याला आनंद आहे, त्याचे यात काहीच जात नाही. परंतु जुनी म्हणून चढ्या मोलाने घेणाऱ्याची उघड फसवणूक होते, आणि ती बहुधा तिसराच कोणी करतो. यास्तव नव्या कर्त्याने आपले नाव व साल प्रत्यक्ष तुकड्यावरच उठवावे, असे आम्हांस वाटते. खोक्यावरचा मजकूर पुरेसा नाही. खोके पहिल्याच दिवशी केरात जाते.