वाहकाचा धर्म

विद्युत्‌शास्त्राच्या मराठी परिभाषेत धातूच्या तारेला ‘वाहक’ म्हणतात. शब्द साधा आहे. परंतु त्याच्या पोटी एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. जो स्वतः काही निर्माण करीत नाही आणि ज्याच्यासाठी ते निर्माण झाले तोही नव्हे, अशा मधल्या दुव्याचे कर्तव्य कोणते? भाषांतरकार, शिक्षक आणि सरकारी कामानिमित्त परप्रांती बिऱ्हाड थाटलेले आपल्यासारखे नोकरदार, हे सारे याच वर्गातले. हुकूम वरून येतो, त्याचे बरेवाईट फळ खाली कुणाच्या तरी पदरात पडते, आणि आपण मधली तार. तारेला कसला आला आहे धर्म, असे कुणी म्हणेल. आम्हांला तसे वाटत नाही.

लखनौला आमच्या बिऱ्हाडी तबकड्या वाजविणारे एक जुने टर्नटेबल आहे. त्याच्या टोनआर्ममधील तारा जीर्ण झाल्या आणि एका बाजूचा आवाज येईनाजाईना झाला, तेव्हा त्या बदलण्याचे काम आम्ही घरीच हाती घेतले. सुईच्या वर बसविलेल्या कार्ट्रिजपासून चार तारा टोनआर्मच्या पोकळ नळीतून मागे जातात. उजव्या बाजूसाठी तांबडी व हिरवी, डाव्या बाजूसाठी पांढरी व निळी, असा रूढ संकेत आहे. या तारा केसासारख्या बारीक असतात, आणि त्यांतून जो संदेश वाहतो तोही तितकाच नाजूक. नेहमीच्या चुंबकी कार्ट्रिजमधून निघणारा दाब सुमारे ५ मिलिव्होल्ट, म्हणजे एका व्होल्टचा दोनशेवा हिस्सा असतो. पुढे ॲम्प्लिफायर त्याला कितीतरी पटींनी वाढवितो. परंतु तारेत शिरलेला दोषही तो तितक्याच इमानाने वाढवितो.

या कामाचे काही नियम आहेत. डाख देताना कार्ट्रिज जोडलेले ठेवू नये. उष्णतेने त्याच्या आतील वेटोळी निकामी होतात. काही तारांच्या प्रत्येक पदरावर लाखेचा पातळ थर असतो; तो नीट काढल्यावाचून डाख धरत नाही. नवी तार नळीत घालण्याची उत्तम युक्ती म्हणजे ती जुन्या तारेच्या टोकाला बांधून हलकेच ओढणे. जुनी तार बाहेर पडता पडता नवीला वाट दाखवून जाते. आणि टोनआर्म जेथे फिरतो त्या सांध्यापाशी तारेला थोडी ढील ठेवावी लागते. सुईचा तबकडीवरील भार अवघा दीड-दोन ग्रॅमचा. तेथे तार ताणलेली राहिली, तर ती टोनआर्मला एका अंगाला ओढते आणि सुई खाचेच्या एकाच भिंतीवर रेलते. घरापासून दूर राहणाऱ्यांना या ढिलाईचे मर्म वेगळे सांगावयास नको. गावाशी जडलेला धागा तुटला तर आपण मुके होऊ. परंतु तो इतका ताणलेला असला, की ज्या शहराचे अन्न खातो तेथे आपले पाऊलच सरळ पडू नये, तर तेही वाहकाला शोभणारे नाही.

वाहकाचा पहिला धर्म उघड आहे. त्याने आपल्या पदरचे काही घालू नये आणि आलेले काही गाळू नये. बेगम अख्तर १९७४ साली निवर्तल्या. लखनौच्या पसंदबागेत त्यांची कबर आहे. वरच्या स्वरावर त्यांचा आवाज क्षणभर फाटे, आणि रसिक त्या क्षणाचीच वाट पाहात. एखाद्या तारेने तो दोष समजून दुरुस्त केला असता, तर तिने गाणे सुधारले नसते, चोरले असते. अर्जदाराच्या अर्जातील खडबडीत शब्द गुळगुळीत करून वर पाठविणारा लेखनिक याहून निराळे काय करतो?

पण येथे एक आक्षेप उभा राहतो, आणि तो खोटा नाही. माणूस म्हणजे तांबे नव्हे. जे आले ते जसेच्या तसे पुढे ढकलणे हाच धर्म मानला, तर अन्यायाचा हुकूमही निष्ठेने वाहून नेणारा श्रेष्ठ वाहक ठरेल. ‘आम्ही केवळ पुढे पाठविले’ या एका वाक्याआड जगात पुष्कळ पाप लपलेले आहे.

याचे उत्तर आम्हांला लखनौतच सापडते. मुंबईचे वकील विष्णु नारायण भातखंडे यांनी १९२६ साली येथे मॅरिस कॉलेज स्थापण्यात पुढाकार घेतला. ठिकठिकाणच्या उस्तादांकडून चिजा मिळवून त्यांनी त्या स्वरलिपीत बांधल्या आणि छापून सर्वांना खुल्या केल्या. ते वाहकच होते. परंतु मुके वाहक नव्हते. त्यांनी निवड केली, रागांची दहा थाटांत मांडणी केली, मतभेद पत्करले. आणि हे सारे उघडपणे, आपल्या ग्रंथांतून, वाद घालण्याची सोय ठेवून केले. दहा थाटांवर आजही टीका होऊ शकते, ती याचमुळे. वाहकाला मत असण्यात अधर्म नाही. ते मत संदेशात गुपचूप मिसळण्यात आहे.

दुसरी गोष्ट आम्ही त्या चार तारांकडूनच शिकलो. बाजू दोन असताना तारा चार का? कारण प्रत्येक बाजूला एक जाणारी आणि एक परतणारी तार लागते. परतीची तार तुटली, तर जाणारी कितीही शुद्ध असो, मंडल पुरे होत नाही आणि गाणे ऐकू येत नाही. आपल्यापैकी पुष्कळांची निष्ठा एकाच तारेची असते. वरचे खाली अक्षरशः पोहोचविण्यात आपण चोख असतो. खालचे वर नेताना मात्र तार कोठेतरी तुटलेली असते. अन्यायाचा हुकूम मुकाट्याने बजावणारा अधिकारी अतिनिष्ठ नसतो, तो अर्धा असतो. त्या हुकुमाखाली कोण चिरडले जाणार आहे, हे फायलीवर स्वच्छ अक्षरांत लिहून, खाली सही करून वर पाठविणे हेही त्याच्याच कामात येते. एवढे करूनही हुकूम कायम राहिला, तर तो आपल्या हातून बजावला जावा की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे आहे. परंतु परतीची तार जोडल्यावाचून तो प्रश्न विचारण्याचा अधिकारही आपल्याला पोहोचत नाही.

टोनआर्मची नळी एकदा बंद झाली, की आतला डाख स्वच्छ आहे की ओबडधोबड, हे कुणालाही दिसत नाही. फायलीच्या पोटातील शेऱ्याचेही तसेच आहे. ज्याच्यासाठी तो लिहिला, त्या दूरच्या खेड्यातील माणसाला तो बहुधा कधीच वाचावयास मिळणार नाही. त्याला एवढेच कळेल, की आपले म्हणणे कोठेतरी पोहोचले होते.